घुमणारी खोली, न घुमणारी खोली

नव्या फ्लॅटमध्ये सामान यायच्या आधी बोललं की आवाज घुमतो. गाद्या, पडदे, कपाटं आली की तीच खोली गप्प होते. रेडिओ लहरींसाठीही अशा दोन प्रकारच्या खोल्या बांधतात आणि बाहेरून त्या ओळखू येत नाहीत. दोन्हींना धातूच्या भिंती, जाडजूड दार, आत पाऊल टाकलं की मोबाइलची रेंज गायब. प्रयोगशाळेतली माणसं दोन्हींना नुसतं ‘चेंबर’ म्हणतात. अँटेना आणि ईएमसी, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगतता (उपकरणांनी रेडिओ लहरींनी एकमेकांना त्रास न देणं), यांवरचे युरोपीय प्रकल्पांचे अहवाल वाचताना नवखा माणूस हमखास इथेच फसतो. ‘चेंबरमध्ये मोजलं’ एवढ्यावर विसंबून पुढचा आकडा घेतला, तर तो आकडा कशाचा आहे हेच कळलेलं नसतं.

पहिली खोली अनेकोइक चेंबर, म्हणजे न घुमणारी. भिंती, छत, जमीन, सगळीकडे कार्बन मुरवलेल्या फोमचे सुळके आत रोखलेले असतात. सुळक्यांवर पडलेली लहर आत शिरत शिरत उष्णता होऊन विरते, परत येत नाही. अँटेनाला वाटतं आपण मोकळ्या आकाशात आहोत. तरंगलांबी जितकी मोठी तितके सुळके लांब लागतात. फार खालच्या वारंवारतेला फोम परवडेनासा होतो, म्हणून भिंतीला फेराइट या चुंबकीय सिरॅमिकच्या फरश्या लावतात. या खोलीत अँटेना हळूहळू फिरवायची आणि प्रत्येक कोनात किती ताकद बाहेर पडते ते टिपायचं. हाती येतो तो दिशांचा नकाशा: मुख्य झोत कुठे, बाजूचे नको असलेले झोत किती.

ईएमसीवाल्यांची खोली मात्र बहुतेकदा अर्धीच अनेकोइक असते. भिंती आणि छत शोषक, जमीन उघड्या धातूची. पूर्वी उपकरणांचं उत्सर्जन मोकळ्या मैदानात, जमिनीवर धातूचा पत्रा अंथरून मोजत. ते मैदान घरात आणायचं, तर जमिनीवरून उसळणारी लहर ठेवणं भाग होतं. म्हणून ३ किंवा १० मीटर अंतरावर मोजणारी अँटेना लावून ती १ ते ४ मीटर उंचीत वरखाली करतात. थेट आलेली आणि जमिनीवरून उसळलेली लहर कुठे एकमेकींना जोर देतात, ते शोधायचं. ‘अनेकोइक’ या एका शब्दाखाली हे दोन प्रकार दडतात, हा आणखी एक गोंधळ.

दुसरी खोली रिव्हर्बरेशन चेंबर, घुमणारी. इथे फोमचा तुकडाही नाही, उघडा पत्रा. लहर भिंतीवर आपटते, परतते, पुन्हा आपटते. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवल्यावर जे होतं तेच. खोलीत एक भलंमोठं वेडंवाकडं धातूचं पातं फिरत असतं, त्याला स्टरर म्हणतात. मला ती ताकातली रवीच वाटते. पातं थोडं फिरलं की खोलीतल्या लहरींची सगळी मांडणी बदलते, जिथे जोर होता तिथे क्षीण, जिथे क्षीण तिथे जोर. असे शेकडो प्रसंग मोजून सरासरी घेतली की खोलीच्या मधल्या भागात प्रत्येक जागी आणि प्रत्येक दिशेने सारखंच क्षेत्र, म्हणजे लहरींचा सारखाच जोर, भेटतं.

दिशा मात्र गेली. ही अँटेना उत्तरेला किती फेकते, असं या खोलीला विचारता येत नाही. तिला विचारायचं ते एवढंच: एकूण किती बाहेर पडलं? कार्यक्षमता किती? काही जण तिला अनेकोइकची स्वस्त, कच्ची आवृत्ती समजतात. ते मला पटत नाही. तिचा प्रश्नच वेगळा आहे आणि त्या प्रश्नाला ती झटपट उत्तर देते. अनेकोइकमध्ये एकूण शक्ती हवी असेल तर गोलाच्या प्रत्येक कोनात मोजून बेरीज करावी लागते.

चुकाही दोघींच्या वेगळ्या. अनेकोइकमधली चूक म्हणजे सुळक्यांना न जुमानता परतलेली लहर, अँटेना धरणारा खांब, जागेवर नसलेली मांडणी. घुमणाऱ्या खोलीतली चूक संख्याशास्त्राची. १०० स्वतंत्र प्रसंग घेतले तर सरासरी शक्तीत सुमारे १० टक्के अनिश्चितता राहते, ती निम्मी करायची तर ४०० लागतात. शिवाय खोली तरंगलांबीच्या मानाने पुरेशी मोठी हवी. ५ × ४ × ३ मीटरच्या खोलीचा पहिला अनुनाद, म्हणजे ती जिथे पहिल्यांदा घुमते ती वारंवारता, ४८ मेगाहर्ट्झच्या आसपास येतो, आणि साधारण त्याच्या तिपटीपर्यंत, म्हणजे १४४ मेगाहर्ट्झपर्यंत, रवी नीट घुसळूच शकत नाही.

घुमणारी खोली युरोपात रुजली ती ईएमसीच्या वाटेने. १९७० च्या दशकात नेपल्सच्या नौकानयन विद्यापीठात, म्हणजे आजच्या पार्थेनोपेमध्ये, पाओलो कोरोना आणि सहकाऱ्यांनी तिच्यावर काम केलं. ईएमसीला ती आवडण्याचं कारण सोपं: थोड्या शक्तीच्या ॲम्प्लिफायरवर आत प्रचंड क्षेत्र उभं राहतं आणि उपकरणावर ते सगळीकडून आदळतं. विमानातल्या यंत्रणेला कुठल्या बाजूने त्रास होईल हे आधी माहीत नसताना याहून बरी छळाची खोली कुठली? अँटेनावाल्यांनी ती बऱ्याच उशिरा उचलली. गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातले पेर-सिमोन किल्डाल यांचं म्हणणं असं होतं की शहरातला मोबाइल मोकळ्या आकाशात नसतोच, तो इमारतींवर आपटून आलेल्या लहरींत बुडालेला असतो. मग त्याला घुमणाऱ्या खोलीतच का मोजू नये? त्या कामातून २००० साली ब्लूटेस्ट ही कंपनी निघाली.

दोन देशांतल्या दोन खोल्या एकच उत्तर देतात का, हे एकट्या प्रयोगशाळेला कळत नाही. इथे सहकार्य लागतं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाने युरोपीय अंतराळ संस्थेसाठी बनवलेली १२ गिगाहर्ट्झची ‘व्हास्ट-१२’ अँटेना याच कामाची. ती मुद्दाम ताठ बनवली आहे, कारण मोजताना उलटीसुलटी केल्यावर स्वतःच्या वजनाने वाकली तर मोजणाऱ्याची चूक कुठली आणि अँटेनाची कुठली हे ओळखता येणार नाही. ‘एस’ या अँटेनावर काम करणाऱ्या युरोपीय प्रयोगशाळांच्या जाळ्यात ही अँटेना एका अनेकोइकमधून दुसऱ्यात फिरली आणि प्रयोगशाळांनी आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. १९७१ पासून चालणारं ‘कॉस्ट’ हे युरोपीय संशोधकांचं जाळं वेगळ्या धाटणीचं: संशोधनाला पैसे देत नाही, बैठका आणि एकमेकांच्या प्रयोगशाळांतल्या भेटींचा खर्च उचलतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मोजमापाच्या भांडणात प्रत्यक्ष जाऊन दुसऱ्याची खोली बघणं बरंच कामाचं असतं.

त्याच्याच ‘कॉस्ट २१००’ या प्रकल्पात, आणि पुढे ‘आयसी१००४’ मध्ये, अनेक अँटेनांचे फोन हवेतून कसे तपासायचे यावर असाच खल झाला. तिथे एक गंमत दिसते. न घुमणाऱ्या खोलीत फोनभोवती अँटेनांचं कडं उभारतात आणि शहरातले प्रतिध्वनी कृत्रिमपणे तयार करतात. घुमणाऱ्या खोलीत उलट, फार घुमू नये म्हणून कोपऱ्यात शोषक फोमचे थोडे तुकडे ठेवतात. म्हणजे एकीत प्रतिध्वनी विकत आणायचे, दुसरीत गाद्या.