हमिंगबर्डचं साखरपाणी आणि गांधीलमाश्यांची धाड

ऑगस्टचा शेवट जवळ आला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर गणपतीच्या मखराच्या चर्चेत मध्येच एक प्रश्न हमखास टपकतो: "फीडरवर यलोजॅकेट फार झाल्यात हो, काय करायचं?" उत्तरंही ठरलेली. कुणी स्प्रे सुचवतो, कुणी व्हॅसलीन, कुणी म्हणतं सरळ काढून ठेवा. जून-जुलैत याच फीडरवर एखाद-दुसरी माशी फिरकायची, मग आताच झुंड का, हे मात्र कुणी विचारत नाही. खरं तर बहुतेक उपाय त्या एका प्रश्नातूनच निघतात.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं आधी सांगायला हवं. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, पण अमेरिकेच्या पूर्व भागात वीण करणारी एकच, माणिककंठी. नराच्या गळ्याशी माणकासारखा लाल पट्टा असतो. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे पाव तोळा. पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात, त्यामुळे हा जीव सतत भुकेला. लोक त्याच्यासाठी अंगणात, डेकवर साखरपाण्याचं भांडं टांगतात. तोच फीडर.

आता गांधीलमाशी. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या यलोजॅकेटचं घरटं बहुधा जमिनीखाली असतं आणि ते एका वर्षाचंच. वसंतात एकटी राणी ते सुरू करते, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्यात हजारो कामकरी माश्या होतात. उन्हाळाभर त्या अळ्या, माश्या, मेलेल्या प्राण्यांचं मांस असं काय काय चावून घरट्यातल्या पिल्लांना भरवतात. प्रौढ माशीची कंबर इतकी बारीक असते की घन अन्न तिला स्वतःला गिळताच येत नाही. पण घास भरवला की अळी तोंडातून एक गोड थेंब सोडते, त्यात साखर आणि अमिनो आम्लं असतात, आणि तो थेंब पिऊन कामकरी माशीचं पोट भरतं. उन्हाळा सरताना नव्या अळ्या कमी होतात. घरट्यात हजारो तोंडं, आणि घरचा गोडवा आटलेला. मग त्या बाहेर पडतात. कुजलेली सफरचंदं, कोकचे कॅन आणि आपला फीडर.

म्हणजे माश्या बिथरलेल्या नसतात, उपाशी असतात. आणि आपण त्यांच्यासमोर टांगलेलं असतं एक बिघडलेलं फूल. 'बिघडलेलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. हमिंगबर्डवर विसंबणारी फुलं, उदाहरणार्थ इथली ट्रम्पेट हनिसकलची वेल, नीट पाहा. रंग लाल. नळी लांब आणि अरुंद. बसायला पाकळीचा ओटा नाही, ज्याला हवेत तरंगता येतं त्यानंच यावं. रस तळाशी, आणि तोही पातळ. यातली एकेक गोष्ट मधमाश्या-गांधीलमाश्यांना गैरसोयीची आहे. बाजारातला स्वस्त फीडर नेमकी हीच सगळी बंधनं काढून टाकतो: भोकाच्या तोंडाशी आलेला रस, बसायला ऐसपैस कडा, वर पिवळी प्लास्टिकची फुलं.

सगळ्यांत मोठा फरक रसाच्या खोलीनं पडतो. हमिंगबर्डची जीभ चोचीच्या टोकाबाहेर बरीच पुढे जाते. टोकाशी ती दुभंगलेली असते, दोन्ही बाजूंना झालरीसारखे पापुद्रे असतात. बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसा या जिभेत रस चढत असेल, असं एकोणिसाव्या शतकापासून मानलं जायचं. २०११ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या अलेहांद्रो रिको-ग्वेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं जिभेचं चित्रण केलं आणि ते खोटं ठरलं. रसात बुडताच पापुद्रे उलगडतात, बाहेर येताना मिटतात आणि रस आत पकडतात. हा खेळ सेकंदाला पंधराएक वेळा चालतो. गांधीलमाशीकडे यातलं काही नाही. तिची जीभ जेमतेम काही मिलिमीटर. मधमाशीची सहा-सात मिलिमीटर. रस भोकापासून १ सेंटिमीटर जरी खाली असला तरी पक्ष्याला कळतही नाही, आणि माशी मात्र कडेवर बसून पोट हलवत, मिशा आत घालून चाचपत राहते, मग उडून जाते. म्हणून उलट्या बाटलीचा फीडर टाकून बशीच्या आकाराचा घ्यावा: झाकणाला वरून भोकं, रस खाली. बशी काठोकाठ भरायची नाही, हे महत्त्वाचं. आणि भोक इतकं मोठंही नको की माशीच आत शिरून बुडेल.

बाटलीच्या फीडरचं दुखणं निराळं. त्यातला रस खाली ओघळत नाही, कारण बाहेरच्या हवेचा दाब तो पेलून धरतो. बाटलीत वर अडकलेली हवा असते. सकाळी २० अंश असलेलं तापमान उन्हात ३५ वर गेलं की ही हवा सुमारे ५ टक्के फुगते. बाटली अर्धा लिटरची आणि अर्धी रिकामी असेल तर १२-१३ मिलिलिटर रस, म्हणजे अडीच चमचे, खाली ढकलला जातो. पाण्याची वाफ वाढते ती वेगळीच. दुपारी बाराच्या सुमारास भोकाच्या तोंडाशी उभं राहून बघितलं तर थेंब फुगताना दिसतो, काठावरून लोंबतो, आणि खालच्या फळीवर पडतो. त्या फळीवर पहिली माशी येते. अशा फीडरसाठी साधा तोडगा म्हणजे सावली. बाटलीत मुळातच हवा कमी राहील इतकी छोटी बाटली वापरली तर आणखी बरं.

रंगाबाबत दुकानदारांनी घोळ घातलाय. माशीच्या डोळ्याला अतिनील, निळा आणि हिरवा असे तीन पट्टे कळतात. तांबडा तिला काळपट, निस्तेज दिसत असावा. पिवळा मात्र ठळक. तरी कित्येक फीडरांवर 'मधमाशी-रोधक' म्हणून पिवळ्या जाळ्या बसवलेल्या असतात. जाळी चांगली, रंग वाईट. काढून लाल रंगवता येते. पक्ष्याला तांबडा उत्तम दिसतो, त्यालाही तो जन्मतः आवडतो असं नाही, लाल फुलात रस मिळतो हे तो अनुभवानं शिकतो. त्यामुळे भांडं लाल असलं की पुरे. पाण्यात लाल रंग मिसळायची अजिबात गरज नाही.

आता साखर किती? एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. वजनानं हे १७-१८ टक्के होतं. हमिंगबर्डच्या फुलांचा रस २०-२५ टक्क्यांच्या आसपास असतो, मधमाश्यांच्या फुलांचा सहसा बराच दाट. माश्यांना दाट हवा असतो, कारण पाणी वाहून नेणं त्यांना परवडत नाही. म्हणून झुंडीच्या दोन-तीन आठवड्यांत प्रमाण एकास पाच करता येतं. पक्षी थोडा जास्त पितो, इतकंच. त्याहून पातळ नको, याच दिवसांत माणिककंठी स्थलांतरासाठी चरबी साठवत असतो, त्यातले कित्येक पुढे मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडणार असतात. आपल्याकडच्या सवयीनं कुणी गूळ किंवा मध घालायला जातं, तेही नको. गुळातलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही आणि मधाच्या पाण्यात बुरशी लवकर धरते.

साखरपाणी शिळं झालं की आंबतं, आणि गांधीलमाश्यांना तो वास लांबून कळतो. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पीटर लँडॉल्ट यांनी १९९८ मध्ये दाखवलं की ॲसिटिक ॲसिड आणि आयसोब्युटॅनॉल ही जोडी गांधीलमाश्यांना खेचते. दोन्ही आंबण्याच्या वासातले घटक. माश्या पकडायचे सापळे त्यावरच चालतात. म्हणजे चार दिवस न धुतलेला फीडर हा फुकटचा सापळाच, फक्त दार उघडं असलेला. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी ओतून, गरम पाण्यानं घासून नवं भरावं.

इतकं करूनही माश्या ठाण मांडून असतील तर फीडरची जागा बदला. हा उपाय वेडगळ वाटतो, पण त्यामागचं विज्ञान मला सगळ्यांत आवडतं. नीको टिनबर्गेन या डच संशोधकानं, ज्याला पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं, तरुणपणी वाळूत बीळ करणाऱ्या एका एकांड्या गांधीलमाशीच्या बिळाभोवती पाइनची बोंडं गोल मांडली. माशी शिकारीला गेल्यावर ते कडं उचलून शेजारी ठेवलं. परत आलेली माशी बीळ सोडून रिकाम्या कड्याच्या मधोमध उतरली! तिनं बीळ नव्हे, आजूबाजूच्या खुणा पाठ केल्या होत्या. आपली यलोजॅकेटही तेच करते. पहिल्यांदा रस पिऊन निघताना ती तोंड फीडरकडे करून मागे मागे सरकत, झोके घेत जागा डोळ्यांत साठवते, तेव्हा नीट बघा. फीडर तीन-चार मीटर दूर, कोपऱ्याआड हलवला की ती जुन्याच जागी घिरट्या घालत राहते. पक्षी तो काही मिनिटांत शोधतो. मात्र जुन्या जागेखालचे सांडलेले थेंब धुऊन टाका. यलोजॅकेट मधमाशीसारखी नाचून पत्ता सांगत नाही, पण तिच्या अंगाला लागलेला वास हुंगून घरट्यातल्या बाकीच्या माश्या तोच वास शोधत निघतात.

लांब कुठेतरी दाट साखरपाण्याची ताटली ठेवून माश्यांना तिकडे वळवा, असंही सुचवतात. काही दिवस चालतं. मला ते फारसं पटत नाही, शेजारी लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

मुंग्यांचं कोडं सोपं आहे, आणि मराठी घरानं ते कधीच सोडवलंय. दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तीच युक्ती इथे उलटी टांगतात: हुक आणि फीडर यांच्या मध्ये पाण्याची वाटी. वरून उतरणारी रांग पाण्याशी थांबते. फक्त वाटीत धूळ, पाकळ्या साचल्या की त्यांचाच पूल होतो, आणि कॅलिफोर्नियात ठाण मांडलेल्या अर्जेंटिनी मुंग्यांना तेवढा पुरतो. पाण्यात साबण घालू नका, पक्षी ते पाणी पितात. वनस्पतींतही ही युक्ती सापडते. टीझल नावाच्या काटेरी झाडाची समोरासमोरची पानं खोडाशी जुळून वाटी बनते आणि तिच्यात पावसाचं पाणी साठतं. रांगत येणाऱ्या आगंतुकांना अडवायला ती असावी, असा तर्क अठराव्या शतकातच मांडला गेला.

व्हॅसलीन, तेल आणि स्प्रे यांवर माझी फुली. तारेवरचं ग्रीस पिसांना लागलं तर पाव तोळ्याच्या पक्ष्याला ते साफ करता येत नाही. कीटकनाशक तर थेट त्याच्या ताटात जातं, कारण हमिंगबर्ड नुसत्या साखरेवर जगत नाही, चिलटं आणि बारीक कोळीही खातो. आणि याच यलोजॅकेट उन्हाळाभर तुमच्या भाजीच्या वाफ्यातल्या अळ्या उचलत होत्या, हेही विसरू नये.

काही पाहुणे मात्र रसासाठी येतच नाहीत. प्रार्थना कीटक, म्हणजे मँटिस, फीडरवर दबा धरून चक्क हमिंगबर्ड पकडतो. २०१७ मध्ये संशोधकांनी मँटिसनं पक्षी मारल्याच्या १४७ नोंदी गोळा केल्या, १३ देशांतल्या, आणि त्यांत हमिंगबर्डच फार. फीडरवर बोटभर लांबीचा हिरवा किडा दिसला तर काठीनं उचलून दूरच्या झुडपात सोडावा. उत्तर न्यू जर्सीत काळी अस्वलं फिरतात, तिथे रात्री फीडर घरात घेतलेला बरा. ॲरिझोनात याच्या नेमकं उलट. तिथे सकाळी फीडर रिकामा दिसला तर चोर बहुधा लांब नाकाचं वटवाघूळ असतं. लोक फीडर मुद्दाम बाहेर ठेवतात आणि रात्रीत पातळी किती उतरली याच्या नोंदी संशोधकांना देतात. हीच जात २०१८ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर आली.

पुण्या-नाशिकच्या बाल्कनीत यातलं किती लागू पडेल? मुंग्यांची वाटी, धान्याच्या फीडरला नक्की. पण एप्रिल-मेमध्ये पक्ष्यांच्या पाण्याच्या भांड्यावर ज्या गांधीलमाश्या येतात, त्यांना गोड नको असतं. त्या पाणी नेऊन घरट्यावर शिंपडतात आणि पंखांनी वारा घालून ते थंड करतात. त्यांच्यासाठी ओल्या वाळूची एक थाळी बाजूला ठेवली तर भांड्यावरची गर्दी विभागते. आणि भांड्यातलं पाणी रोज बदलायचं, कारण तिथला खरा उपद्रव डासाचा, आणि एडिसच्या अंड्यापासून डास व्हायला गरम हवेत जेमतेम आठवडा लागतो.

राहिला प्रश्न फीडर कधी उतरवायचा. गोड पाणी मिळत राहिलं तर पक्षी दक्षिणेला जायचाच नाही, ही भीती निराधार आहे, निघायची वेळ त्याला लहान होत जाणारा दिवस सांगतो. पहिल्या कडक थंडीत कामकरी माश्या मरतात, फक्त नव्या राण्या कुठेतरी सालीखाली हिवाळा काढतात. तेव्हा नोव्हेंबरपर्यंत फीडर राहू द्यावा. त्या सुमारास पश्चिमेकडचा तांबूस रूफस हमिंगबर्ड कधीकधी वाट चुकून आमच्या बाजूला येतो, आणि तोपर्यंत एकही फूल उरलेलं नसतं.