बूटेबल पेनड्राइव्ह

ज्या पेनड्राइव्हवरून संगणक थेट सुरू करता येतो, तो बूटेबल पेनड्राइव्ह. विंडोज किंवा लिनक्स नव्याने बसवणे, बंद पडलेल्या संगणकातल्या फाइली काढून घेणे, मेमरी व हार्डडिस्क तपासणे ही त्याची नेहमीची कामे. पूर्वी हीच कामे फ्लॉपी आणि सीडीवर चालत. पेनड्राइव्ह २०००च्या सुमारास विक्रीला आले, पण तेव्हाच्या अनेक मदरबोर्डांना यूएसबीवरून बूट करता येत नसे. त्यामुळे सीडीची जागा घ्यायला त्यांना काही वर्षे लागली.

साधा पेनड्राइव्ह आणि बूटेबल पेनड्राइव्ह ही वस्तू एकच. त्यावर काय लिहिले आहे आणि नेमके कुठे लिहिले आहे, एवढाच फरक. संगणक चालू होताच आधी मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्राम चालतो; जुन्या संगणकांत तो बायोस, नव्यांत यूईएफआय. जुन्या पद्धतीचा बायोस ड्राइव्हचा पहिला सेक्टर वाचतो. या ५१२ बाइटांत आधी बूट कोड, मग ६४ बाइटांचा पार्टिशन (म्हणजे विभागांचा) तक्ता आणि अगदी शेवटी ५५ व एए ही दोन बाइटांची खूण असते. खूण सापडली नाही, की बहुतेक बायोस तो ड्राइव्ह सोडून पुढच्याकडे वळतात. फाइली कॉपी करताना या सेक्टरला हातही लागत नाही, म्हणून ‘नुसत्या कॉपीने बूटेबल होत नाही’ हे वाक्य रूढ झाले. यूईएफआयच्या बाबतीत मात्र ते खरे नाही. यूईएफआय ड्राइव्हवरचा एफएटी३२ (फाइली ठेवण्याची एक जुनी पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) विभाग उघडून त्यातल्या ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधते. ६४-बिट इंटेल-एएमडी संगणकांसाठी ती ‘बूटएक्स६४.ईएफआय’. आयएसओमधल्या (इन्स्टॉलरच्या अख्ख्या सीडीची एकाच फाइलीत साठवलेली प्रत) सगळ्या फाइली एफएटी३२ ड्राइव्हवर जशाच्या तशा उतरवल्या तरी यूईएफआयचे काम भागते. अख्खी आयएसओ फाइल तशीच ठेवली तर मात्र दोन्हीकडे उपयोग शून्य.

गाडी अडते ती फाइलीच्या आकारावर. एफएटी३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा लहानच असावी लागते आणि विंडोजच्या आयएसओतली ‘इन्स्टॉल.विम’ बरेचदा त्याहून मोठी निघते. मग ती फाइल तुकडे करून ठेवतात, किंवा ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची पुढची फाइल सिस्टिम) करून सोबत यूईएफआयला एनटीएफएस वाचायला शिकवणारा छोटा विभाग जोडतात. रुफस हे विंडोजवरचे लोकप्रिय साधन हा दुसरा मार्ग वापरते. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ संकरित असतात: त्या सीडीवरही चालतात आणि बाइटमागून बाइट पेनड्राइव्हवर उतरवल्या तरी चालतात. त्यासाठी बलेनाएचर हे साधन किंवा ‘डीडी’ ही लिनक्सवरची जुनी आज्ञा पुरते. ‘डीडी’ला विभागाचे नव्हे, पूर्ण डिस्कचे नाव द्यायचे असते. ते चुकून हार्डडिस्कचे दिले तर ती काहीही न विचारता हार्डडिस्क पुसायला घेते. २०२० मध्ये आलेल्या व्हेंटॉय या साधनाने ही कटकटच काढून टाकली. ड्राइव्ह एकदा तयार केला, की त्यावर हव्या तितक्या आयएसओ साध्या कॉपी करायच्या आणि सुरू होताना यादीतून निवडायच्या. लिहिण्याआधी आयएसओचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली तिची खूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहावा. अर्धवट उतरलेली फाइल कधीकधी निम्म्या इन्स्टॉलेशनपर्यंत नीट चालते आणि मग दगा देते.

‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ ही तक्रार ऐकायला एक वाटते, पण कोणाला दिसत नाही हे विचारल्याशिवाय उपाय सापडत नाही.

फर्मवेअरला, म्हणजे बायोस किंवा यूईएफआयला, दिसत नसेल, तर बूट मेनू उघडून पाहावा. त्याची कळ कंपनीनुसार एफ१२, एफ९, एफ११ किंवा एस्केप असते. फास्ट बूट (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर काही संगणक यूएसबी तपासण्याच्या भानगडीत पडत नाहीत. जुन्या पद्धतीने बनवलेला ड्राइव्ह फक्त यूईएफआय असलेल्या संगणकावर यादीत येत नाही, आणि सिक्युअर बूट ही यूईएफआयची सुरक्षा-सोय डिजिटल सही नसलेला बूटलोडर (कार्यप्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) अडवते. उलटी गंमतही घडते. विंडोज ७ च्या मूळ इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३.० चे ड्रायव्हर नाहीत. त्यामुळे ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू झाला, तोच पेनड्राइव्ह त्याला पुढच्या पायरीवर सापडेनासा होतो.

कार्यप्रणालीला दिसतो पण फाइल एक्सप्लोररमध्ये येत नाही, हा नेहमी आढळणारा आणि बहुधा निरुपद्रवी प्रकार. विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट उघडले की खुलासा होतो. ड्राइव्हला अक्षर मिळालेले नसेल तर ते द्यायचे. ‘अनअॅलोकेटेड’ असेल तर विभाग करायचा. ‘रॉ’ दिसत असेल तर फाइल सिस्टिम बिघडली आहे. आतल्या फाइली हव्या असतील तर फॉरमॅटच्या प्रश्नाला लगेच होकार देऊ नये. लिनक्सची आयएसओ उतरवलेला ड्राइव्ह विंडोजला लावल्यावर ६४ जीबीचा असूनही इवलासा दिसतो, किंवा विंडोज तो फॉरमॅट करायला सांगते. तो बिघडलेला नसतो. पुन्हा साधा करायचा तर विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’ या आज्ञेत डिस्क निवडून ‘क्लीन’ द्यायचे आणि नवा विभाग करायचा. निवडलेल्या डिस्कचा आकार त्याआधी दोनदा वाचलेला बरा.

कार्यप्रणालीलाही पत्ता नसेल तर प्रश्न विजेचा किंवा जोडणीचा असू शकतो. हब काढून मदरबोर्डच्या मागच्या पोर्टात थेट लावून पाहावे. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टांची आतली वायर कधीकधी सैल असते. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ आणि ‘डीमेसेज’ या आज्ञांनी जोडणी नोंदली गेली का ते कळते. दुसऱ्या संगणकावरही काहीच नोंद होत नसेल, तर ड्राइव्हचा सॉकेट किंवा आतली चिप गेली असे समजावे. नाव येते पण क्षमता शून्य आणि ‘नो मीडिया’ दिसते, तेव्हा कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) जिवंत असून त्याला फ्लॅश मेमरी वाचता येत नसते. इथे फॉरमॅटची कोणतीही युक्ती चालत नाही.

खोट्या क्षमतेचे ड्राइव्ह हा वेगळा ताप. कंट्रोलर ६४ जीबी सांगतो, आत मेमरी ८ जीबीची असते, आणि त्यापुढे लिहिलेले आधीच्या माहितीवर चढते किंवा हरवते. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफ३’ हे पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतात आणि लबाडी उघडी पाडतात. झिजलेले काही ड्राइव्ह स्वतःहून फक्त-वाचनीय होतात: फाइली पुसल्या तरी काढून लावल्यावर त्या जागच्या जागी असतात. ही अवस्था बहुधा उलटवता येत नाही, पण या अवस्थेत आतले बहुधा वाचता येते, आणि ते दुसरीकडे उतरवून घेण्याची वेळ तीच.