माशांच्या खाद्यात अळी: चाळीस वर्षं रखडलेली गोष्ट

माशांना माश्या खायला घालायच्या, हे मराठीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घापेक्षा जोडाक्षरच जास्त जपावं लागतं. कल्पना मात्र जुनीच आहे. दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात बांधावर तुती, घरात रेशीमकिडे आणि शेजारच्या तळ्यात मासे अशी शेती शतकानुशतकं चालली. किड्यांची विष्ठा आणि धागा काढून उरलेले प्युपे (कोशातले किडे) तळ्यात जायचे, तळ्याचा गाळ परत तुतीच्या मुळाशी यायचा. जपानच्या नागानो भागातही कार्प मासे प्युप्यांवर पोसले गेले. आपल्याकडे मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी 1990 च्या सुमारास सायप्रिनस या कार्प माशाच्या खाद्यात प्युप्यांची भुकटी वापरून पाहिली.

पण प्युपा हे रेशमाचं जोडउत्पादन आहे. रेशीम जितकं, तितकाच प्युपा. शिवाय तेल न काढलेल्या भुकटीत पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबी असते, आणि दमट हवेत पोतं पडून राहिलं की ती खवट होते. खाद्यासाठीच म्हणून एखादा किडा मुद्दाम वाढवायचा, हा विचार वेगळा. तो पुढे आला 1970 च्या दशकात.

1970 साली पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्हेटा या छोट्या माशाची पकड सुमारे 120 लाख टन होती. जगातल्या फिशमीलचा, म्हणजे खाद्यात घालायच्या सुक्या माशांच्या पिठाचा, मोठा भाग त्यातूनच यायचा. 1972 मध्ये किनाऱ्याचं पाणी तापवणारा एल निनो आला, आधीच्या बेसुमार मासेमारीची त्यात भर पडली आणि 1973 मध्ये पकड जेमतेम 20 लाख टनांवर आली. त्याच दशकात अमेरिकेत ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या वाळवलेल्या अळ्या कोंबड्यांना आणि डुकरांना देऊन पाहिल्या जात होत्या. 1981 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या बोंडारी आणि शेपर्ड यांनी याच अळ्या कॅटफिश आणि तिलापियाला दिल्याचे निकाल छापले. वाढ नेहमीच्या खाद्याच्या बरोबरीची होती. 1987 च्या पुढच्या कामात एक साधी गोष्ट कळली: अळी अख्खी देण्यापेक्षा चिरून दिली की कॅटफिशचं वजन जास्त वाढतं. अळीचं कातडं चिवट असतं, हे चिमटीत धरली की लगेच कळतं.

म्हणजे मासा अळी खातो आणि वाढतो, हे तेव्हाच कळलं होतं. अडलं ते माशीपाशी. ब्लॅक सोल्जर फ्लाय घरमाशीसारखी जागा मिळेल तिथे वाढत नाही. प्रौढ माशी एक-दोन आठवडे जगते, उडता उडता जोडी जमवते आणि त्यासाठी तिला भरपूर उजेड लागतो, तोही शक्यतो उन्हाचा. शेपर्ड यांच्या कोंबडीखान्यात अळ्या खतात आपोआप वाढत आणि कोशात जायच्या सुमारास तिरक्या फळीवरून चढून स्वतःच डब्यात पडत. वेचणी फुकट, पण बी नेहमी रानातल्या माशीचं. थंडी आली की काम बंद. 2002 मध्ये शेपर्ड, टॉम्बरलिन आणि सहकाऱ्यांनी काचघरात मोठा पिंजरा उभारून वर्षभर पिढ्या चालवण्याची पद्धत छापली. अंडी घेण्याची युक्ती रद्दीच्या दुकानातली वाटावी अशी: पन्हाळीदार पुठ्ठ्याचे तुकडे ओल्या, वासाच्या खाद्यावर बांधायचे. मादी त्या कोरड्या भेगांत एका वेळी पाचशेच्या वर अंडी घालते, ती चारेक दिवसांत फुटतात. 2010 मध्ये 500 वॅटच्या क्वार्ट्झ-आयोडीन दिव्याखालीही जोड्या जमतात, पण उन्हातल्या सुमारे 60 टक्केच, असं दिसलं. नंतरच्या सगळ्या कारखान्यांचा पाया इथे आहे.

मग अडवलं कायद्याने. गुरांच्या बीएसई (मॅड काऊ) रोगानंतर युरोपीय संघाने 2001 मध्ये प्राणिज प्रथिनं जनावरांच्या खाद्यात घालायला बंदी केली. नियम लिहिताना डोळ्यांसमोर गाय होती, पण अळीही त्यात सापडली. 1 जुलै 2017 पासून मत्स्यखाद्यासाठी सात जातींच्या किड्यांना परवानगी मिळाली, कोंबड्या-डुकरांसाठी 2021 मध्ये. अट अजून कडक आहे: अळीला शेणखत, हॉटेलातलं उष्टं किंवा मांस घालता येत नाही. कचऱ्यातून प्रथिनं, ही जाहिरातीतली ओळ तिथे लागू होत नाही. अळी खाते तो कोंडा, धान्याचा चोथा किंवा भाजीपाल्याचा टाकाऊ भाग, म्हणजे बऱ्याचदा जनावरांना थेट चालणारंच खाद्य.

आता पिठाकडे. 100 किलो ताज्या अळ्यांमधून वाळल्यावर 30 ते 35 किलो माल उरतो. त्यात साधारण 40 टक्के प्रथिनं आणि 30 टक्क्यांच्या आसपास चरबी. एवढी चरबी तशीच ठेवली तर तरंगती खाद्यगोळी बनवणाऱ्या एक्स्ट्रूडर यंत्रात मिश्रण घसरतं, दाब बनत नाही, गोळी फुगत नाही आणि बुडते. म्हणून तेल दाबून काढतात. उरलेल्या पिठात प्रथिनं 55 ते 60 टक्के. अळी मारण्याची रीतही महत्त्वाची. गोठवून हळूहळू मारली तर तिच्यातली विकरं चालूच राहतात, चरबी फुटून आम्लता वाढते आणि माल काळपट पडतो. उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवली की हे थांबतं आणि जंतूही कमी होतात.

या तेलात लॉरिक आम्ल भरपूर, खोबरेल तेलासारखं. ईपीए आणि डीएचए ही माशांच्या तेलातली ओमेगा-3 आम्लं मात्र जवळपास नाहीत. फिशमील काढून अळीचं पीठ घातलं तरी फिश ऑइलची गरज तशीच राहते. नॉर्वेतल्या सॅमनवरच्या 2019 च्या चाचणीत फिशमील पूर्ण बदलूनही वाढीत फरक पडला नाही, पण मुळात त्या खाद्यात फिशमील फक्त 10 टक्के होतं. टर्बट माशाच्या खाद्यात अळीच्या पिठाचं प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाताच त्याचं खाणं घटलं, आणि वाढ तर त्याहून कमी प्रमाणातही मंदावली. अळीच्या कातड्यातलं कायटिन पचवण्याची ताकद जातीजातीत वेगळी असते, म्हणून एका माशाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

पैशाचं गणित अजून जुळलेलं नाही. युरोपात हे पीठ फिशमीलच्या दुप्पट-तिप्पट भावाने विकलं गेलं. 2023 मध्ये पेरूने पहिला हंगाम रद्द केला, फिशमील कडाडलं, तरी दरी भरली नाही. 2011 मध्ये सुरू झालेल्या आणि कोट्यवधी युरो उभे केलेल्या इन्सेक्ट या फ्रेंच कंपनीला 2024 मध्ये न्यायालयाच्या संरक्षणाखाली जावं लागलं.

महाराष्ट्रातल्या शेततळ्यात रोहू-कटला भुईमुगाच्या पेंडीवर आणि भाताच्या कोंड्यावर वाढतात. तिथे फिशमीलच नगण्य, तर पर्याय कशाला? प्रश्न येतो तो पिंजऱ्यातल्या तिलापिया-पंगासला आणि व्हॅनामी कोळंबीला लागणाऱ्या गोळीचा. पीठ विकत घेताना पोत्यावरच्या प्रथिनांच्या आकड्यावर विसंबू नये. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणते, पण अळीचा बराच नायट्रोजन कायटिनमध्ये असतो. 2017 पासून अख्ख्या अळीसाठी 4.76 हा गुणक सुचवलेला आहे. नायट्रोजन 7 टक्के असेल, तर पोत्यावर सुमारे 44 टक्के छापून येतं, आणि माशाच्या वाट्याला येतात 33.