बाल्कनीतली दुसरी फळी

मेलबर्नच्या डॉकलँड्स भागात लॅक्रॉस नावाची उंच निवासी इमारत आहे. २५ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे तिच्या आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत आग लागली. लाकडी टेबलावर प्लॅस्टिकचा डबा होता आणि त्यात कुणीतरी सिगारेट विझवली होती. निदान विझली असं त्याला वाटलं होतं. दहा-अकरा मिनिटांत आग भिंतीला बाहेरून लावलेल्या पत्र्यांवरून, बाहेरच्या बाहेर एकविसाव्या मजल्यापर्यंत, म्हणजे थेट माथ्यापर्यंत पोचली. चारशेहून जास्त रहिवाशांना बाहेर काढलं, सुदैवाने कुणी दगावलं नाही. पुढे खटला उभा राहिला. २०१९ मध्ये निकाल देताना न्यायाधिकरणाने जबाबदारीची वाटणी केली ती अशी: अग्निसुरक्षा अभियंते ३९ टक्के, बांधकाम मंजूर करणारे सर्व्हेअर ३३ टक्के, आर्किटेक्ट २५ टक्के आणि सिगारेट ओढणारा ३ टक्के.

आपल्याकडच्या बातम्यांत हा हिशेब बरोबर उलटा असतो. ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ एवढं छापलं की विषय संपला. दिवाळीत कुणाच्या तरी गॅलरीत रॉकेट शिरतं, सगळा राग रॉकेट उडवणाऱ्या पोरावर निघतो. ठिणगी कुठून आली हे शोधायला हवंच. पण बाल्कनीत ठिणगी कधी ना कधी पडणार हे धरूनच चालावं लागतं, कारण माणसं तिथेच सिगारेट ओढतात, तिथेच शेगडी पेटवतात, एसीचं बाहेरचं यंत्रही तिथेच बसवतात. पडलेल्या ठिणगीला तिथे काय सापडतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

पूर्व लंडनमधल्या बार्किंग रिव्हरसाइड वसाहतीत ९ जून २०१९ च्या रविवारी दुपारी ठिणगीला लाकडी बाल्कन्या सापडल्या. सॅम्युअल गारसाइड हाउस ही सहा मजली इमारत. दर्शनी भागावर ओळीने लाकडाच्या बाल्कन्या, लाकडाचेच कठडे, दिसायला फार सुंदर. त्या आगीत २० घरं नष्ट झाली आणि आणखी १० घरांचं उष्णतेने आणि धुराने नुकसान झालं. लंडनमधल्याच ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या आगीत ७२ माणसं गेली त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं होत होती. ग्रेनफेलनंतर इंग्लंडने डिसेंबर २०१८ पासून १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्यभिंतीत ज्वलनशील साहित्य वापरायला बंदी घातली होती आणि त्या बंदीत बाल्कन्यांचं नाव घेऊन उल्लेख होता. पण सहा मजली इमारत त्या १८ मीटरच्या खालीच राहते. जानेवारी २०२० मध्ये सरकारने इमारतमालकांना नवी सूचना दिली, की ज्वलनशील बाल्कन्या हा आग बाहेरून झपाट्याने पसरण्याचा संभाव्य मार्ग आहे, त्यामुळे त्यांची तपासणी करा. तेव्हापासून तिकडे जुन्या बाल्कन्यांच्या फळ्या उखडून ॲल्युमिनियमच्या बसवण्याची कामं चालली आहेत. लंडनला फ्लॅट घेतलेली मराठी कुटुंबंही या कटकटीतून गेली आहेत, कारण बाह्यभिंतीच्या तपासणीचा कागद नसेल तर बँका त्या फ्लॅटवर कर्ज द्यायला कचरतात.

इथे एक शंका हमखास येते आणि ती रास्त आहे. लाकूड सावकाश जळतं, जाड तुळई आगीत लोखंडापेक्षा जास्त वेळ तग धरते, असं आपण ऐकलेलं असतं. ते खरंही आहे. मग बाल्कनीतलं लाकूड एवढं भडकतं कशाने?

उत्तर चुलीत आहे. एकच जाड ओंडका पेटवून बाहेर काढून ठेवा, थोडा वेळ धुमसून तो विझतो. त्याच्याशेजारी दुसरा ठेवा, दोघांत बोटभर फट ठेवा, की दोन्ही भडकतात. चूल पेटवणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असतं. मला मात्र यामागचं भौतिकशास्त्र कितीही वेळा सांगितलं तरी कंटाळा येत नाही.

लाकूड स्वतः जळत नाही, जळतो तो त्यातून निघणारा वायू. पृष्ठभाग सुमारे ३५० अंश सेल्सियसला पोचला की लाकडाचे रेणू तुटून ज्वलनशील वायू पुरेशा प्रमाणात बाहेर पडू लागतात आणि जवळ ज्योत असेल तर पेट घेतात. मागे उरतो कोळसा. हा कोळसा उष्णतेचा वाईट वाहक असल्यामुळे आतल्या लाकडासाठी तो पांघरुणाचं काम करतो. त्यामुळे कोळसा होण्याची रेषा मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर इतक्याच वेगाने आत सरकते. जाड तुळई तग धरते ती यामुळे.

आता हिशेब उष्णतेचा. तापलेला पृष्ठभाग उष्णता प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, बाहेर फेकतो आणि ते प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सियस अधिक २७३) चौथ्या घाताने वाढतं. पृष्ठभाग ४०० अंशांवर असेल तर दर चौरस मीटरमागे सुमारे साडेअकरा किलोवॅट बाहेर जातात. कोळसा ७०० अंशांवर लाल झाला की हाच आकडा ५० किलोवॅटच्या पुढे जातो. निरपेक्ष तापमान दीडपटही झालेलं नाही, पण प्रारण चौपटीच्या वर गेलं. तुलनेसाठी, भर दुपारचं ऊन दर चौरस मीटरला एक किलोवॅट देतं. एकटी फळी ही सगळी उष्णता आकाशात उधळते. तिची स्वतःची ज्योत तिला तेवढी परत देऊ शकत नाही, म्हणून पृष्ठभाग थंड होतो, वायू निघणं कमी होतं आणि आग मंदावते. समोर दुसरी जळती फळी असली की तोटा भरून निघतो. हिने फेकलेली उष्णता तिच्यावर, तिने फेकलेली हिच्यावर. दोघी एकमेकींना थंड होऊ देत नाहीत.

किती प्रमाणात, हे भूमितीवरून काढता येतं. समोरासमोर असलेल्या दोन लांबच लांब पट्ट्या घ्या. त्यांच्यातल्या अंतराला पट्टीच्या रुंदीने भागून येणाऱ्या संख्येला ह म्हणू. एका पट्टीने फेकलेल्या प्रारणापैकी समोरच्या पट्टीवर पडणारा वाटा म्हणजे (१ + ह चा वर्ग) याचं वर्गमूळ वजा ह. सूत्र नको असेल तर सोडून द्या, उत्तरं पाहा. बाल्कनीच्या जमिनीच्या फळ्या साधारण २५ मिलिमीटर जाड असतात आणि पावसाचं पाणी निथळावं म्हणून दोन फळ्यांत पाच-सहा मिलिमीटर फट ठेवतात. त्या फटीतल्या दोन कडा एकमेकींकडे पाहत असतात. ६ मिलिमीटर फटीला वाटा येतो ७९ टक्के. फट २५ मिलिमीटर केली तर ४१ टक्के. १०० मिलिमीटर केली तर फक्त १२. म्हणजे पाणी निथळायला ठेवलेली फट ही आग टिकवायला जवळजवळ आदर्श आहे. फळ्या अगदी चिकटवल्या तर हवा मिळणार नाही. पण ५-६ मिलिमीटरमधून, त्यातही खालून ज्वाळा येत असताना, हवा व्यवस्थित खेचली जाते. शिवाय फळी दोन्ही बाजूंनी जळते. पाऊण-पाऊण मिलिमीटर दोन्हीकडून धरलं तर २५ मिलिमीटरची फळी पंधरा-वीस मिनिटांत संपते. तुळईचं पांघरूण इथे पुरतच नाही.

हे झालं एका बाल्कनीचं. तिच्या वर दुसरी असते, आणि तिचा खालचा पृष्ठभाग पुन्हा लाकडाचाच. ज्वाळा वर जाऊन त्या छताला आपटतात, आडव्या पसरतात, छत तापतं आणि खालच्या जमिनीवर उष्णता फेकतं. शेजारच्या घराकडे पाहणारा आडोसा पट्ट्यापट्ट्यांचा असतो, म्हणजे फटींचा नवा संच. उष्णता परत मिळवण्याची जेवढी म्हणून व्यवस्था करता येईल तेवढी तिथे केलेली असते. ज्वाळा लांब झाल्या की वरच्या न जळलेल्या लाकडाचा जास्त भाग एकदम तापतो, तो पेटला की ज्वाळा आणखी लांब होतात, त्यामुळे वर चढणाऱ्या आगीचा वेग एकसारखा न राहता वाढत जातो. घराघरांमधल्या भिंती आणि दारं तासभर आग अडवतील अशी बांधलेली असली तरी आग त्या वाटेने येतच नाही. ती बाहेरून खिडकीच्या काचा तडकवून आत शिरते.

गंमत म्हणजे बाल्कनी मुळात आगीविरुद्ध उपयोगी पडणारी गोष्ट आहे. खिडकीतून बाहेर आलेल्या ज्वाळेला हवा बाहेरच्या बाजूनेच मिळते, भिंतीकडून मिळत नाही, त्यामुळे ती भिंतीला चिकटून वर जाते. मध्ये काँक्रीटचा मीटरभर पुढे आलेला सज्जा असला तर तो ज्वाळेला भिंतीपासून दूर ढकलतो आणि वरच्या खिडकीवर पडणारी उष्णता बरीच कमी होते. भूमिती तीच, साहित्य बदललं की परिणाम उलटा. म्हणून तर बाल्कनी पाडायची गरज नसते, तिच्यातलं जळण काढलं की भागतं.

त्या जागी काय लावायचं? युरोपीय वर्गीकरणात साहित्य कितपत जळतं यावरून त्याचे ए-१ (न जळणारं) पासून एफ पर्यंत वर्ग आहेत आणि इंग्लंडच्या बंदीत फक्त ए-१ किंवा ए-२ चालतं, तेही धूर फारसा न करणारं आणि जळते थेंब न गाळणारं. या चाचणीतला एक भाग मला आवडतो कारण तो अगदी निर्दय आहे. नमुन्याची पूड करून ती दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेटवतात आणि किती उष्णता निघते ते मोजतात. भूमिती नाही, फट नाही, सबब नाही. ए-२ साठी मर्यादा किलोला ३ मेगाज्यूल, ए-१ साठी २. लाकडातून १८ ते २० निघतात. लॅक्रॉसच्या बाहेरच्या पत्र्यांच्या पोटात होतं ते पॉलिएथिलीन हे प्लॅस्टिक ४६ च्या आसपास देतं, म्हणजे जवळपास पेट्रोलइतकं.

ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दगड किंवा पोर्सेलीनच्या फरशा, सिमेंटचे बोर्ड या परीक्षेत पास होतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे मोठ्या आगीत ती जमीन ढासळू शकते, पण ती आगीला जळण पुरवत नाही. वितळणं आणि जळणं यातला फरक इथे महत्त्वाचा आहे. फरशा बसवताना खाली प्लॅस्टिकचे पाय लावले तर तेही मोजायला हवेत. सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती काचेची. कठड्याची सुरक्षित काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी या प्लॅस्टिकचा पातळ पडदा; तो पडदा असतो म्हणून काच फुटली तरी तुकडे खाली कुणाच्या डोक्यावर पडत नाहीत. पण पडदा जळतो, म्हणून ही काचही बंदीत अडकली. एक धोका टाळायला दुसरा पत्करायचा का, यावर तिथले काचवाले आणि अभियंते अजून भांडतात. माझं मत काचवाल्यांच्या बाजूने झुकतं, कारण त्या पडद्यातलं जळण लाकडी जमिनीच्या मानाने किरकोळ आहे.

अग्निरोधक रसायन पाजलेलं लाकूड चालणार नाही का, असं विचारलं जातं. फॉस्फरसयुक्त क्षार लाकडात मुरवले तर कोळसा जास्त आणि वायू कमी होतो, आग धरायला वेळ लागतो. पण किलोमागची उष्णता फारशी घटत नाही आणि उघड्यावर पावसाने क्षार धुऊन जाऊ शकतात. बाहेर वापरण्यासाठी खास प्रक्रिया केलेलं लाकूड मिळतं, तरी ते ए-२ मध्ये बसत नाही.

आपल्या मुंबई-पुण्याच्या बाल्कन्या बहुतेक काँक्रीटच्या असल्याने मूळ प्रश्न आपल्याला नव्हता. तो आपण हौसेने विकत आणतो. खाली प्लॅस्टिकचं हिरवं गवत, बाजूला बांबूचे पडदे, भिंतीवर आणि छताला डब्ल्यूपीसीच्या नळीदार पट्ट्या, वर पॉलीकार्बोनेटची शेड. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा अधिक प्लॅस्टिक, आणि दुकानात ते ‘फायरप्रूफ’ म्हणून खपवलं जातं. दुकानदार लायटर धरून दाखवतो, पट्टी पेटत नाही, गिऱ्हाईक खूश. एकट्या पट्टीवर धरलेल्या लायटरने काहीही सिद्ध होत नाही; आत्ताच पाहिलं, की खेळ दुसऱ्या फळीचा असतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने फ्लॅट घेताना स्वयंपाकघर आग्नेयेलाच आहे ना याची दोनदा खात्री करून घेतली आणि ताबा मिळाल्यावर बाल्कनीभर गवत अंथरून बांबूचे पडदे सोडले. वास्तुशास्त्राला आठ दिशा माहीत आहेत, त्यात ‘वर’ नाही.

गवत काढून साधी फरशी ठेवणं हा सगळ्यात स्वस्त बदल. पडदे हवेतच तर ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे घ्या. छताला काही लावायचंच नाही, ते काँक्रीट उघडं राहू द्यायचं. पट्ट्या विकत घेताना लायटरचा प्रयोग पाहण्यापेक्षा प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मागा आणि त्यावर वर्ग कोणता लिहिलाय ते वाचा. दुकानदार अहवालाऐवजी माहितीपत्रक पुढे करेल, त्यावर ज्वाळेचं चित्र आणि त्यावर काट असते. तो अहवाल नव्हे.

सोसायटीच्या पातळीवर एक गोष्ट करता येईल. महाराष्ट्रातल्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. त्यासाठी माणूस येतो, पंप चालवून पाहतो, होजरील (पाण्याच्या नळीचं रीळ) उलगडतो. त्याच दिवशी सेक्रेटरीने रस्त्याच्या पलीकडे उभं राहून इमारतीच्या दर्शनी भागाचा फोटो काढावा आणि एकावर एक असलेल्या बाल्कन्यांच्या रांगा पाहाव्यात. सलग चार मजल्यांवर गवत, पडदे आणि शेड दिसली, तर त्या चार घरांशी एकत्र बोलावं लागेल, कारण मधल्या एकाने जळण काढलं तरी ज्वाळेच्या वाटेत खंड पडतो.