छपराचे अंशतः नुकसान आणि घरविमा (मराठवाडा)

वादळ, गारपीट, वीज, भूकंप, आग किंवा वर पडलेले झाड यांच्या तडाख्यात घर उभे राहते, पण छताचा काही भाग उडतो, फुटतो, वाकतो किंवा खचतो. तेवढ्या भागाच्या दुरुस्तीचा खर्च घरविम्यातून मिळण्याच्या तरतुदीला छपराच्या अंशतः नुकसानीचे संरक्षण म्हणतात. महसुली पंचनाम्यात अशा घरापुढे ‘अंशतः पडझड’ असे लिहिले जाते. गावात मात्र सरळ ‘पत्रे उडाले’ म्हणतात.

मराठवाड्यात ‘विमा भरला का?’ असे कोणी विचारले, तर तो प्रश्न पीकविम्याचा असतो. घराचा विमा बहुधा गृहकर्ज घेताना बँकेने काढायला लावलेला असतो आणि त्याची पॉलिसी कर्जाच्या फायलीत पडून राहते. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात पत्रे गेले तरी त्या कागदाची आठवण होत नाही. खरे तर घर पूर्ण पडण्यापेक्षा छताचा एक कोपरा जाण्याची वेळ इथे कितीतरी अधिक वेळा येते, म्हणून या विम्यात अंशतः नुकसानीचा भाग सर्वांत कामाचा आहे.

छताचे प्रकार आणि नुकसानीची रीत

मराठवाड्यातील जुन्या घरांचे छत म्हणजे माळवद. लाकडी तुळयांवर लाकडाचे आच्छादन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राही आणि पावसाळ्याआधी नवी माती टाकून गळती थांबवता येई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांत हीच जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. त्यानंतर माळवदाखाली झोपण्याची धास्ती लोकांच्या मनात बसली आणि ज्यांना स्लॅब परवडत नव्हता त्यांनी पत्रा घातला. हलके छत भूकंपात जीव वाचवते, पण वाऱ्याच्या तावडीत तेच आधी सापडते. भूकंपाची भीती कमी करताना वादळाचा धोका घरात आला, ही या भागातील छपराची गेल्या तीस वर्षांची खरी कहाणी आहे.

वारा घरावरून जाताना पत्र्याला वरच्या बाजूला ओढतो. ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सर्वांत जास्त बसते. त्यातच दार किंवा खिडकी उघडी असेल, तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून सगळे छत एकदम सहसा जात नाही. आधी वाऱ्याच्या बाजूची कड उचलते, हूक सैल होतात आणि मग ओळीने चार-सहा पत्रे सुटतात. पत्र्यावर ठेवलेले दगड हलक्या वाऱ्याला पुरतात. मोठ्या वाऱ्यात तेच दगड घरात पडतात आणि माणसे जखमी होतात. लोखंडी पाइपवर जे-हूक आणि वायसर लावून आवळलेला पत्रा बराच टिकतो, पण पाइपच भिंतीत नीट गाडलेला नसेल तर पत्रा पाइपासकट उडतो.

गारपिटीची तऱ्हा वेगळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेल्या गारपिटीने पिकांसोबत छपरेही झोडपली. सिमेंटचा पत्रा गारेने फुटतो किंवा त्याला केसासारखी चीर जाते, ती पहिल्या पावसात कळते. लोखंडी पत्र्याला पोचे पडतात. पत्रा गळत नसेल आणि नुसते पोचेच असतील, तर भरपाईवरून वाद होतो. स्लॅबचे अंशतः नुकसान बहुधा वीज पडून, झाड पडून किंवा भूकंपाने होते.

पॉलिसीत काय येते

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. कंपनी कोणतीही असो, तिचा गाभा सारखाच असतो. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, भूस्खलन, बाहेरची वस्तू येऊन आदळणे, दंगल, पाण्याची टाकी फुटणे अशी कारणे त्यात नावानिशी दिली आहेत. दारातला लिंब मोडून पत्र्यावर पडला, तर ते नुकसान ‘आदळणे’ या कारणात बसते. गारपिटीचा दावा वादळाच्या कलमाखाली मांडावा लागतो.

घर म्हणजे फक्त भिंती आणि छत नव्हे. पडवी, कुंपणभिंत, पक्की बसवलेली पाण्याची टाकी आणि छतावरची सौरपाटीही इमारतीत मोजली जाते. सध्या घरोघर सौरपाट्या बसत आहेत, तेव्हा वाऱ्याने पाटी उखडून स्लॅबचा तुकडा निघाला तर दोन्हींचा खर्च एकाच दाव्यात मांडता येतो, हे माहीत असलेले बरे.

विम्याची रक्कम ठरते ती घराचे चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यांवरून. जमिनीची किंमत त्यात येत नाही. अंशतः नुकसानीत त्या रकमेच्या मर्यादेत दुरुस्तीचा खर्च मिळतो. त्याशिवाय वास्तुविशारद आणि अभियंता यांची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत देय असतो. पत्रा होता तिथे स्लॅब घातला, तर वाढीव खर्च घरमालकाचा.

जुन्या धाटणीच्या पॉलिसींत ‘कमी विम्या’चे कलम असे आणि ते अंशतः नुकसानीतच जास्त टोचे. समजा घर पुन्हा बांधायला ८ लाख लागतात, विमा ४ लाखांचाच काढला आहे आणि छताच्या दुरुस्तीला ६० हजार आले. तर विमा निम्मा म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे ३० हजार. भारत गृह रक्षेत ही कपात काढून टाकली आहे. त्यामुळे क्षेत्रफळ खरे सांगितलेल्या घरमालकाला याच उदाहरणात ६० हजारांचा हिशोब मांडता येतो. हा बदल लहान माणसासाठी मोठा आहे, आणि गावात तो फारसा कोणाला ठाऊक नाही.

पत्र्याच्या घराला विमाच मिळत नाही, असा समज सर्रास आहे. कच्च्या बांधकामाच्या व्याख्येत लाकडी फळ्या, गवत, पाला, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छत येते. लोखंडी पत्रा त्यात नाही. मात्र अर्जात छत कशाचे आहे ते जसे आहे तसे लिहावे. पत्र्याच्या जागी स्लॅब लिहिला, तर दाव्याच्या वेळी तीच ओळ आडवी येते. गवताच्या छपरात किंवा ताडपत्रीच्या कोपीत राहणाऱ्याला वाऱ्याचा धोका सर्वांत जास्त आणि विम्याचा आधार सर्वांत कमी. ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

छत उघडे पडल्यावर पावसाने भिजलेली गादी, टीव्ही, कपाट हे घरसामानाच्या भागात येते. इमारतीचा विमा असेल तर घरसामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, वेगळी यादी न देता संरक्षण असते. पण हे सामान घरवापराचे हवे. भाव वाढेल म्हणून माजघरात थप्पी मारून ठेवलेले सोयाबीन त्यात मोडत नाही, आणि मराठवाड्यात छत गेल्यावर अनेकदा सर्वांत मोठा तोटा त्या पोत्यांचाच असतो.

‘उडाले’ की ‘गंजले’

अंशतः नुकसानीचा दावा बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर अडतो. पत्रा वादळाने गेला, की तो आधीच कुजलेला होता? पॉलिसी नावानिशी दिलेल्या कारणांचे नुकसान भरून देते. गंज, वाळवी, झीज, वर्षानुवर्षांची गळती यांचे देत नाही. वादळ नसताना संततधार पावसात स्लॅब ठिबकला, तर तो दावा टिकत नाही, कारण नुसता पाऊस हे त्या यादीतले कारण नाही.

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पत्र्याच्या भोकातच मिळते. वाऱ्याने ओढून काढलेल्या पत्र्याचे हुकाचे भोक लांबट ताणलेले असते, कड फाटलेली आणि फाटल्या जागी धातू चकचकीत असतो. जवळचा हूकही वर वाकलेला सापडतो. गंजलेल्या पत्र्याचे भोक गोलसर मोठे झालेले, कडेला तांबूस भुगा, बोटाने दाबले तरी तुकडा हातात येतो. नुकसान तपासायला कंपनीने नेमलेला सर्व्हेअर नेमके हेच पाहतो. म्हणून उडालेले पत्रे लगेच भंगारवाल्याला देऊ नयेत. शेजारच्या शेतात जाऊन पडलेला, दुमडलेला पत्रा हा त्या घराचा सर्वांत चांगला साक्षीदार असतो.

पत्रा जुना आहे एवढ्यावरून दावा फेटाळणे योग्य नाही. दहा वर्षांचा पत्रा शाबूत असू शकतो आणि दोन वर्षांचा निकृष्ट पत्रा सडलेला असू शकतो. वय आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दावा कारणावर ठरला पाहिजे.

दावा कसा मांडतात

पीकविम्यातली ७२ तासांची अट शेतकऱ्यांना पाठ आहे. घराच्या बाबतीतही नुकसान कळताच कंपनीला कळवावे. बँकेमार्फत काढलेला विमा असेल तर शाखेत पॉलिसीची प्रत मागावी, कारण अनेकांकडे क्रमांकसुद्धा नसतो.

खरी अडचण पुढे असते. मृग तोंडावर आलेला, घरात लेकरेबाळे, म्हातारी माणसे. सर्व्हेअर येईपर्यंत उघड्या छताखाली कोण थांबेल? लोक दुसऱ्याच दिवशी वेल्डर बोलावून नवे पत्रे बसवतात आणि सर्व्हेअरला नवे कोरे छत दिसते. ताडपत्री टाकणे, तात्पुरता आडोसा करणे यात काहीच गैर नाही. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचे कामच आहे. फक्त त्याआधी फोटो घ्यावेत: घर ओळखू येईल असा दुरून एक, उघडा भाग आतून आभाळ दिसेल असा एक, आणि हुकांच्या भोकांचे जवळून. नव्या पत्र्यांचे, पाइपचे आणि मजुरीचे पक्के बिल घ्यावे. तालुक्याच्या दुकानात कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार होतो आणि ती चिठ्ठी दाव्यात लंगडी पडते.

तलाठ्याच्या पंचनाम्याची नक्कल जोडली तर तारीख आणि कारण पक्के होते. महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. त्या दिवशीच्या वाऱ्या-पावसाची त्यांतील नोंद उपयोगी पडते. मालकीसाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा किंवा गावठाणाची मिळकत पत्रिका लागते. उतारा वारलेल्या वडिलांच्या नावावर आणि पॉलिसी मुलाच्या नावावर असेल, तर वारसनोंद आधीच करून घेतलेली चांगली.

२०२४ च्या नियमांनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत घ्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांना एक अट विशेष लागू पडते. अनेक पॉलिसींत घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला कळवावे लागते. ही घरे दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कुलूपबंद असतात. उचल घेऊन निघण्याआधी कंपनीला एक लेखी पत्र देणे आणि त्याची पोच जपणे एवढे केले, तर फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीनंतर ‘कळवले नव्हते’ हे उत्तर ऐकावे लागत नाही.

सरकारी मदत वेगळी

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये आणि घराला जोडलेल्या गोठ्याला ३,००० रुपये मदत ठरली आहे. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. ही मदत आहे, नुकसानभरपाई नव्हे. चार पत्रे, दोन पाइप आणि मजुरी एवढ्यातच ६,५०० रुपये संपतात.

विम्यात १५ टक्क्यांची अट नसते. पंचनाम्यात ‘१० टक्के नुकसान, अपात्र’ असा शेरा पडला म्हणून विम्याचा दावाही गेला, असे समजून लोक गप्प बसतात. तसे नाही. सरकार टक्के मोजते, विमा दुरुस्तीचा खर्च मोजतो.

दावा नाकारल्यास

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ती नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरूनही करता येते. समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांसाठी लोकपालाचे कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. दोन्हीकडे सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लागते. ती मागून घेणे हा विमाधारकाचा हक्क आहे.