डोंगरात मुक्कामाला गेलेला चित्रकार : जपानी मुद्राचित्रांची पार्श्वभूमी

त्सुरुगी पर्वताचं १९२६ सालचं एक जपानी मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून छापलेलं चित्र, आहे. वरचे कडे पहाटेच्या उन्हाने केशरी झालेत, खालचा तळ अजून निळ्या सावलीत आहे आणि त्या सावलीत गिर्यारोहकांचे तंबू उभे आहेत. चित्रकार योशिदा हिरोशी (१८७६–१९५०). नजर आधी सुळक्याकडे जाते, पण मला त्या तंबूंचं मोल जास्त वाटतं. डोंगरात राहून, उजाडण्याची वाट बघून चित्र काढायचं, ही जपानी ठशांच्या परंपरेत नवी गोष्ट होती.

त्याआधी शंभर वर्षं डोंगर दिसायचा तो बहुधा खालून, वाटसरूच्या नजरेने. एदो काळात (१६०३–१८६८) प्रवासावर नाक्यांचा पहारा असे, तीर्थयात्रेला मात्र परवानगी मिळे. फुजी तर देवच. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, फुजीभक्तांची मंडळं होती. भिशीसारखे पैसे जमवायचे आणि दरवर्षी काही सभासदांना यात्रेला धाडायचं, अशी त्यांची रीत होती. फुजीच्या चित्रांना गिऱ्हाईक तयार होतं ते असं. निशिमुराया योहाची या प्रकाशकाने १८३०च्या सुमारास होकुसाईची ‘फुजीची छत्तीस दृश्यं’ बाजारात आणली, तेव्हा चित्रकाराने सत्तरी गाठली होती. मागणी इतकी आली, की छत्तीसची शेहेचाळीस झाली. युरोपात शोध लागलेला प्रशियन निळा रंग याच सुमारास स्वस्त झाला होता. जुना वनस्पतिजन्य निळा फिका पडे, हा टिकायचा आणि गडदही उमटायचा. मालिकेतल्या ‘लाल फुजी’त एकही माणूस नाही, घर नाही. तांबडा उतार, पायथ्याची हिरवी झाडी, निळं आकाश आणि ढगांच्या पांढऱ्या रेघा, बस्स.

हिरोशिगे या चित्रकाराने १८३३–३४मध्ये एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची मालिका केली, तीत हाकोनेचा घाट आहे. निळ्या, हिरव्या, पिवळ्या, तपकिरी तुकड्यांनी रचलेला उभा कडा आणि खिंडीतून जाणाऱ्या लवाजम्याच्या इवल्याशा टोप्या. घाटाची छाती दडपवणारी उंची त्या टोप्यांमुळे कळते.

मेइजी काळात (१८६८–१९१२) छायाचित्रं आणि शिळाछाप आली, ठशांचा धंदा बसला. डोंगरांचं मात्र उलट झालं. जपानच्या मध्यभागातल्या रांगांना इंग्रज अभियंता विल्यम गोलंड याने १८८१मध्ये ‘जपानी आल्प्स’ म्हटलं. पाद्री वॉल्टर वेस्टनने १८९६च्या पुस्तकातून ते नाव जगभर नेलं. यारिगाताके हे ३,१८० मीटरचं शिखर १९०२मध्ये चढणाऱ्यांत कोजिमा उसुई हा बँकेतला नोकरदार होता. १९०५मध्ये जपानी गिर्यारोहण संघ निघाला तो त्याच्याच पुढाकाराने. हाच कोजिमा जुनी मुद्राचित्रं जमवत असे, निसर्गचित्रांच्या इतिहासावर लिहीतही असे. डोंगर चढणं आणि डोंगराचं चित्र पाहणं हे दोन्ही छंद एकाच पिढीत, कधी एकाच माणसात, कसे नांदत होते ते त्याच्यावरून कळतं.

योशिदा त्याच पिढीतले. मूळचे जलरंग आणि तैलरंगांतले चित्रकार. १८९९मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथे चित्रं विकून नाव कमावून आले. वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने त्यांना १९२०च्या सुमारास ठशांकडे वळवलं. तोक्योतल्या १ सप्टेंबर १९२३च्या भूकंपाने आणि आगीने वातानाबेंचं दुकान, ठसे, साठा सगळं खाक केलं. योशिदा पुन्हा अमेरिकेला गेले, मुद्राचित्रांना तिथे केवढी मागणी आहे ते पाहिलं आणि १९२५मध्ये स्वतःची कार्यशाळा उघडली.

जुन्या रीतीत चित्रकार फक्त आराखडा द्यायचा. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि सगळ्यांवर प्रकाशक. योशिदांनी कारागीर हाताशी ठेवले, पण देखरेख आणि जबाबदारी स्वतःकडे घेतली. आपल्या देखरेखीत निघालेल्या प्रतींवर ते ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’, असा शिक्का मारत. ठशावरच्या खुणांना कागद टेकवून, पाठीवरून ‘बारेन’ ही चपटी गोल गादी घासत एकेक रंग चढवायचा. ठशावर रंग ओला असतानाच पुसट करत नेला, की उन्हाची ती उतरण मिळते. एका चित्रावर असे तीसहून जास्त हात सहज पडत. त्याच ठशांवर वेगळे रंग चढवले, की वेळ बदलते: युरोपातल्या आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर दिवसाचं आहे आणि रात्रीचंही. उन्हाळे ते जपानी आल्प्समध्ये काढत. धाकट्या मुलाचं नाव त्यांनी होताका शिखरावरून होदाका ठेवलं.

१९३०–३१मध्ये थोरला मुलगा तोशी याला घेऊन ते भारतात आले. दार्जिलिंगहून दिसणारं कांचनगंगा त्यांनी सकाळचं केलं, दुपारचंही केलं. याच दौऱ्यातून अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांची मुद्राचित्रंही निघाली.