विकास आराखड्यावरील हरकती, सूचना आणि सुनावणी : अर्ज कोणी, कसा आणि केव्हा करावा

एखाद्या भूखंडावर नोकरदार महिलांसाठी वसतिगृह होणार की वाहनतळ, हे महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाण्याच्या कितीतरी आधी, साधारण वीस वर्षांसाठी तयार होणाऱ्या विकास आराखड्यात ठरून गेलेले असते. बेघरांचे निवारे, मंडया, दवाखाने, पाळणाघरे, खेळाची मैदाने यांसाठी जागा राखून ठेवण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला (शहरात बहुधा महापालिकेला) ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’ देतो. त्या आरक्षणांवर हरकत घेण्याचा आणि सूचना करण्याचा अधिकारही हाच कायदा नागरिकांना देतो. ज्यांच्या नावावर शहरात एक चौरस फूटही जमीन नाही, अशा रहिवाशांनी या सुनावणीत भाग कसा घ्यावा, याची माहिती येथे दिली आहे, कारण जमीनमालकांना सल्ला देणारे वास्तुविशारद आणि वकील बहुधा आधीपासूनच कामाला लागलेले असतात.

पात्रतेबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतात. अधिनियमाच्या कलम २८ मध्ये हरकत घेणाऱ्याचे वर्णन ‘कोणतीही व्यक्ती’ एवढेच आहे. त्यामुळे भाडेकरू, झोपडपट्टीतील रहिवासी, पदपथावर व्यवसाय करणारा विक्रेता, घरकामगार महिला, विद्यार्थी, गृहनिर्माण संस्था, महिला मंडळ किंवा कामगार संघटना यांपैकी कोणीही अर्ज करू शकते. त्यासाठी मालकीचा पुरावा लागत नाही. अट दोनच गोष्टींची आहे : म्हणणे लेखी असले पाहिजे आणि ते मुदतीत पोहोचले पाहिजे. सुनावणीची संधी अशी लेखी हरकत किंवा सूचना नोंदवलेल्यांनाच मिळते. सुनावणीच्या दिवशी सभागृहाबाहेर शंभर माणसे जमली, पण त्यांच्यापैकी कोणाच्याही नावावर आवक क्रमांक नसेल, तर त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यास हरकती ऐकणारी नियोजन समिती बांधील राहत नाही.

कलम २६ नुसार प्रारूप आराखडा, म्हणजे आराखड्याचा मसुदा, तयार झाल्याची नोटीस राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. आराखडा कोणत्या कार्यालयात पाहता येईल हे त्या नोटिशीत नमूद असते आणि आराखड्याच्या किंवा त्यातील भागाच्या प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विकत मिळतात. हरकतींची मुदतही नोटिशीतच दिलेली असते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या प्रारूप आराखड्यासाठी ती ६० दिवसांची होती, परंतु आपल्या शहराची मुदत आपल्या नोटिशीतूनच वाचून घ्यावी आणि शेवटच्या आठवड्यावर विसंबू नये, कारण त्या आठवड्यात आवक खिडकीवर रांग लागते आणि भाग नकाशाच्या प्रतीही वेळेवर हाती येत नाहीत.

मुंबईच्या त्या आराखड्याचे पुढे काय झाले, हेही सांगण्यासारखे आहे. रस्त्यांच्या आखणीपासून वारसा वास्तूंच्या नोंदींपर्यंत इतक्या चुका नागरिकांनी दाखवून दिल्या की एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडा नव्याने तपासण्याचे आदेश दिले, मे २०१६ मध्ये सुधारित प्रारूप प्रसिद्ध झाले आणि विकास आराखडा २०३४ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. या आराखड्याच्या नियमावलीत कौशल्य विकास केंद्रासह आधार केंद्र (हे आधार कार्डाचे केंद्र नव्हे), काळजी केंद्र, बेघरांसाठी निवारा आणि नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास अशा सुविधांचा स्वतंत्र उल्लेख आहे. यामागे वस्त्यावस्त्यांतून नकाशे वाचणाऱ्या संस्था-संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. एक अर्ज दिला आणि आरक्षण पडले, असे मात्र कोणी समजू नये.

अर्ज मराठीत आणि साध्या कागदावर चालतो. त्यात अर्जदाराचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, प्रभाग, आराखड्यातील संबंधित नकाशाचा क्रमांक, नगर भूमापन क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक आणि आरक्षण असल्यास त्याचा क्रमांक लिहावा. ही क्रमांकांची ओळ कंटाळवाणी वाटते, पण अर्जाचा खरा जीव तीच असते. ‘आमच्या भागात महिलांसाठी सोय करावी’ या वाक्यावर समितीला कोणताही निर्णय घेता येत नाही. त्याऐवजी, अमुक नगर भूमापन क्रमांकाच्या भूखंडावर दर्शविलेले वाहनतळाचे आरक्षण बदलून तेथे पाळणाघर व नोकरदार महिलांचे निवास दर्शवावे, किंवा निदान दोन्ही वापर एकत्र ठेवावेत, अशी मागणी केली, तर तिला ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ असे उत्तर द्यावेच लागते. शक्य असेल तेथे महापालिकेच्या किंवा शासनाच्या मालकीचा भूखंड सुचवावा. खासगी जमिनीवर नवे आरक्षण मागितले की मालकाची हरकत आणि भूसंपादनाचा खर्च हे दोन्ही अडथळे पुढे उभे राहतात.

मागणीच्या पुष्टीसाठी एखादे मान्य प्रमाण जोडता आले, तर अर्जाला वजन येते. उदाहरणार्थ, शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० व्यक्तींची सोय असलेल्या कायमस्वरूपी निवाऱ्याचे प्रमाण दिलेले आहे. आपल्या शहराची जनगणनेतील लोकसंख्या आणि आराखड्यात दर्शविलेल्या निवाऱ्यांची संख्या शेजारी शेजारी लिहिली की तूट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पथविक्रेत्यांच्या बाबतीत मात्र केवळ या सुनावणीवर थांबू नये. मंडईसाठी जागा आराखड्यातच मागावी लागते, पण विक्री क्षेत्रांची योजना २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमानुसार नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीने होते, म्हणून त्या समितीकडेही स्वतंत्र निवेदन द्यावे. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू असल्यामुळे, नियमांतील बदलाची मागणी महापालिकेच्या सुनावणीत सहसा निकाली निघत नाही. तेथे भूखंड, रस्ते आणि आरक्षणे यांवरच भर द्यावा.

कागदपत्रांची सक्तीची यादी अधिनियमात नाही. तरीही भाग नकाशाची प्रत, जागेची छायाचित्रे आणि असल्यास वस्तीच्या पाहणीचा तपशील सोबत जोडावा. स्वतःची जमीन बाधित होत असेल, तर मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा लागेल. संस्थेच्या वतीने अर्ज असल्यास नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि अर्जदाराला अधिकार देणारा ठराव जोडावा. छापील मजकुराचे पाचशे अर्ज भरले, तरी त्यांतील मुद्दा एकच असल्याने समिती त्यांचा एकत्रित विचार करण्याचीच शक्यता अधिक असते. संख्येने दबाव येतो हे खरे आहे, पण वेगवेगळ्या भूखंडांवरचे दहा नेमके अर्ज समितीला अधिक काम करायला लावतात. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी.

हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरण या विषयांचे ज्ञान वा अनुभव असलेले जास्तीत जास्त चार नियुक्त सदस्य असतात. सुनावणीसाठी कळवलेल्या दिवशी पोच असलेली प्रत, ओळखपत्र आणि प्रतिनिधी जाणार असेल तर सहीचे अधिकारपत्र न्यावे. रोजंदारी बुडवून दहा महिलांनी येण्यापेक्षा दोघींनी अधिकारपत्रे घेऊन बोललेले बरे. वेळ फार थोडा मिळतो, म्हणून सुरुवातीलाच भूखंडाचा क्रमांक आणि मागणी सांगावी, कारणे नंतर द्यावीत. जे बोलता आले नाही ते लेखी टिपणात देऊन त्याचीही पोच घ्यावी. अर्जात नसलेला नवा विषय तेथे काढला, तर तो विचारात घेतला जाईलच असे नाही.

समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण आराखड्यात फेरबदल करते, फेरबदलांसह आराखडा लोकांच्या माहितीसाठी प्रसिद्ध होतो आणि पुढे मंजुरीसाठी राज्य शासनाकडे जातो. आपल्या हरकतीवर समितीने काय शिफारस केली हे कळाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये १० रुपये शुल्क भरून, आवक क्रमांकाचा उल्लेख करून अहवालातील संबंधित पानांची प्रत मागता येते. शासनाने मंजुरी देताना कलम ३१ नुसार सारभूत, म्हणजे मोठ्या स्वरूपाचे, बदल सुचवले, तर आराखड्याचा तेवढा भाग वगळून त्यावर नव्याने हरकती मागवल्या जातात. ही दुसरी नोटीस पहिल्या नोटिशीइतकी गाजत नाही, त्यामुळे आराखडा शासनाकडे गेल्यानंतरही राजपत्र आणि नगररचना विभागाचे संकेतस्थळ पाहत राहावे आणि आपला भूखंड त्या यादीत आढळल्यास पूर्वीच्या अर्जाची पोच जोडून नवा अर्ज मुदतीत दाखल करावा.